आधी कोपरे बघा: जुन्या वाइड लेन्स आणि फिल्टर

या वेळच्या प्रश्नोत्तरांत एकच विषय घेतला आहे: फिल्म कॅमेरा, त्यावरची जुनी वाइड अँगल लेन्स आणि तिला लावायचा फिल्टर. पत्रांतल्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकींचं मूळ एकच आहे. ५० मिमीच्या लेन्सवर जे निमूट खपून जातं ते २० मिमीवर खपत नाही, कारण फ्रेमच्या कोपऱ्यात पोचणारा किरण फार तिरका आलेला असतो.

प्रश्न: माझ्या २० मिमी लेन्सला ५२ मिमीचे आटे आहेत. यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर कायम लावलेला असतो, त्यावर पिवळा फिल्टर चढवून कृष्णधवल रोल काढला. निगेटिव्हचे चारही कोपरे कोरे, पारदर्शक आले. व्ह्यूफाइंडरमध्ये तर काहीच दिसलं नव्हतं!

दोन फिल्टरांची चळत नडली. २० मिमी लेन्सचा कर्णातला दृष्टिकोन ९४ अंशांचा, म्हणजे कोपऱ्याचा किरण मध्यरेषेशी ४७ अंशांनी येतो. या कोनाला फिल्टरचं कडं जितके मिमी पुढे येईल, जवळजवळ तितकेच मिमी त्याची त्रिज्या वाढायला हवी. नेमकं सांगायचं तर दर मिमीला १.१ मिमी. ५० मिमीच्या लेन्सला हाच हिशेब दर मिमीला ०.४ मिमीचा आहे. साध्या फिल्टरचं कडं ४-५ मिमी पुढे येतं. दोन चढवले की ९-१० मिमीचं नळकांडं तयार होतं आणि ते कोपरा खातं. निगेटिव्हवर प्रकाश न पोचलेली जागा कोरी राहते, प्रिंटवर तीच काळी येते.

व्ह्यूफाइंडरनं फसवलं त्याला दोन कारणं. नायकॉन एफ, एफ२, एफ३ असे थोडे कॅमेरे पूर्ण फ्रेम दाखवतात. बाकीचे बरेचसे ९२ ते ९५ टक्केच दाखवतात, आणि कापला जातो तो नेमका न दिसणारा भाग. दुसरं असं, की आपण लेन्स पूर्ण उघडी ठेवून बघतो. तेव्हा कड्याची सावली पसरट आणि फिकी असते. एफ/११ किंवा एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं भोक लहान केल्यावर, तीच सावली धारदार, गडद होते.

खात्री करायला रोल वाया घालवू नका. कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचं दार उघडा. शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारी खूण), अ‍ॅपर्चर एफ/१६ वर, फोकस अनंतावर ठेवा आणि कुलूप असलेली केबल रिलीज लावून शटर उघडं धरा. फोकस अनंतावरच का, तर जवळच्या फोकसला लेन्स पुढे सरकते, दृष्टिकोन किंचित आक्रसतो आणि दोष लपतो. आता कॅमेरा उजळ भिंतीकडे धरून फिल्मच्या चौकटीच्या अगदी कोपऱ्याशी डोळा न्या आणि तिरकं आत बघा. अ‍ॅपर्चरचं भोक पूर्ण दिसलं पाहिजे. त्याला चंद्रकोरीसारखी कात्री लागली असेल तर फिल्टर आडवा येतोय. फिल्टर काढून पुन्हा बघा म्हणजे दोष लेन्सचा की कड्याचा हे कळेल. चारही कोपरे तपासा, कारण वाकड्या आट्यावर बसलेलं कडं एकाच बाजूला कापतं. हे करताना बोट शटरच्या पडद्याला लागू देऊ नका आणि कॅमेरा सूर्याकडे तर नकोच.

इलाज: यूव्ही काढा आणि एकच फिल्टर ठेवा. एकानंही कात्री लागत असेल तर पातळ कड्याचा घ्या. मात्र पातळ फिल्टरच्या पुढच्या बाजूला बहुधा आटे नसतात, त्यामुळे नेहमीची टोपी बसत नाही. किंवा मोठा फिल्टर घेऊन स्टेप-अप रिंगवर (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवून देणारं कडं) बसवा. रिंगसुद्धा २-३ मिमी जागा खाते, म्हणून ५२ वरून ५५ ला गेल्यानं हाती काही लागत नाही; ५२ वरून थेट ६७ किंवा ७२ ला जा. ५२-५५, ५५-५८ अशा रिंगांची उतरंड रचणं म्हणजे मूळ आजार परत आणणं. मोठ्या फिल्टरवर जुना हूड (बाजूचा प्रकाश अडवणारं छत्र) बसणार नाही. सूर्य बाजूला असेल तर हातानं किंवा काळ्या पुठ्ठ्यानं सावली धरा, आणि पुठ्ठा फ्रेममध्ये येत नाही ना हे कोपऱ्यातच तपासा.

प्रश्न: सोव्हिएत ३७ मिमी लेन्सवर ४९ मिमी लिहिलंय, फिल्टरवरही ४९ लिहिलंय, तरी तो दीड फेऱ्यात अडकतो. जोर लावू का?

लावू नका. व्यास जुळतोय, आट्यांचं अंतर जुळत नाही. आजच्या ४९ मिमी फिल्टरांचे आटे ०.७५ मिमी अंतराचे असतात, अनेक सोव्हिएत लेन्सचे ०.५ मिमीचे. फूटपट्टी लावून मोजा: ३ मिमीमध्ये सहा आटे आले तर ०.५, चार आले तर ०.७५. जोर केलात तर लेन्सच्या कड्याचे मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलले जातील आणि पुढे कुठलाच फिल्टर धड बसणार नाही. त्याच मापाचा जुना सोव्हिएत फिल्टर शोधा. नाहीतर कड्यावर बाहेरून दाबून बसणारी रिंग घ्या.

मापाबद्दलच आणखी: “अमुक कंपनीच्या लेन्स म्हणजे अमुक माप” हा नियम वाइड लेन्सना लागू पडेलच असं नाही. निक्कोर २० मिमी एफ/३.५ ची पहिली आवृत्ती ७२ मिमी फिल्टर घेते, पुढची एफ/४ आणि त्यानंतरची एफ/३.५ मात्र ५२ मिमी. फ्लेक्टोगॉन २० मिमी एफ/४ ला ७७, एफ/२.८ ला ६७. टाकुमार २० मिमी एफ/४.५ ला ५८. ऑलिंपसची झुइको २१ मिमी एफ/३.५ मात्र चक्क ४९ मिमीवर भागवते, आणि प्रवासात तिच्याइतकी सोयीची दुसरी सापडणं कठीण.

प्रश्न: जुन्या लेन्सबरोबर आटे नसलेल्या, नुसत्या गोल कड्यातल्या काचा मिळाल्या. डबीवर ‘सिरीज ७’ असं आहे. या कशा लावायच्या?

हे सिरीज फिल्टर. यांना आटे नसतातच. लेन्सला आधी अ‍ॅडॅप्टर रिंग लागते, तिच्यात काच ठेवायची आणि वरून दाबकडं किंवा हूड फिरवून ती पकडायची. सिरीज ६ म्हणजे ४१.३ मिमी, ७ म्हणजे ५०.८ मिमी, ८ म्हणजे ६३.५ मिमी. लायकाच्या २१ मिमी एफ/३.४ सुपर अँग्युलॉनला सिरीज ७ ची काच हूडच्या आत बसते. काच लावून हलवून बघा. खुळखुळ वाजली तर दाबकडं पुरेसं घट्ट नाही.

प्रश्न: २४ मिमी लेन्स आणि पोलरायझर लावून काढलेल्या रंगीत स्लाइडमध्ये आकाशाच्या एका बाजूला गडद निळा पट्टा आला, दुसरी बाजू फिकी. फिल्टर खराब आहे का? शिवाय माझा पोलरायझर लिनियर आहे की सर्क्युलर हे कसं ओळखायचं?

फिल्टर चांगला आहे, दोष असलाच तर आकाशाचा. निळ्या आकाशाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, आणि पोलरायझर तोच अडवतो. सूर्याकडे आणि सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जवळजवळ नसतोच. २४ मिमी लेन्स आडव्या फ्रेममध्ये ७४ अंश बघते. म्हणजे एकाच फ्रेममध्ये भरपूर परिणाम होणारं आणि फारसा न होणारं, दोन्ही आकाश येतं. पट्टा त्यातूनच पडतो. प्रिंटमध्ये थोडंफार सावरता येतं, स्लाइडमध्ये नाही.

सूर्य माथ्यावर असतो तेव्हा हा ९० अंशांचा पट्टा क्षितिजालगत आडवा पसरतो. तेव्हा डावी-उजवी बाजू सारखी राहते आणि उतार वर-खाली पडतो, जो डोळ्याला खटकत नाही. सकाळ-संध्याकाळ मात्र पट्टा उभा राहतो. त्या वेळी पोलरायझर पूर्ण परिणामापर्यंत फिरवू नका, अर्ध्यावर थांबा. नाहीतर आकाश कमी घ्या. आमचं मत विचाराल तर २८ मिमीखाली पोलरायझर आकाशासाठी वापरूच नये. ओली पानं, ओला दगड, पाण्याचा तळ यांसाठी जरूर वापरावा. तिथेही पाण्यावरची चकाकी ठरावीक कोनालाच पुरती जाते (पाण्याला लंबापासून सुमारे ५३ अंश), त्यामुळे वाइड फ्रेममध्ये तळ एका भागातच स्वच्छ दिसेल.

लिनियर की सर्क्युलर यासाठी आरसा पुरे. फिल्टरची लेन्सकडची, म्हणजे आटे बाहेर आलेली बाजू आरशाकडे करा, एक डोळा मिटा आणि फिल्टरमधून आरशातल्या त्याच फिल्टरकडे बघा. आरशातला फिल्टर काळा दिसला तर सर्क्युलर, स्वच्छ दिसला तर लिनियर. सर्क्युलर फिल्टर उलटा धरला तर तोही स्वच्छ दिसतो, म्हणून बाजू नीट बघून धरा.

फरक कुणाला पडतो? ज्या कॅमेऱ्यात मीटरकडे जाणारा प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून किंवा किरण विभागणाऱ्या काचेतून वळवला जातो त्याला. नायकॉन एफ३, कॅनन एफ-१, ऑलिंपस ओएम-४, लायकाफ्लेक्स एसएल यांवर लिनियर लावला तर फिल्टर फिरवला की मीटरचं वाचन खोटं बदलतं. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक किंवा के१००० वर लिनियर बिनधास्त लावा. ऑटोफोकस फिल्म कॅमेऱ्यांना सर्क्युलरच हवा.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघतो, त्यामुळे परिणाम दिसत नाही. तिथे फिल्टर डोळ्यापुढे धरून फिरवायचा, हवा तो परिणाम दिसला की कड्यावर वरच्या बाजूला कुठला आकडा किंवा खूण आली ते बघायचं, आणि लेन्सवर चढवल्यावर तीच खूण वर आणायची. एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). काही जुन्या छोट्या वाइड लेन्समध्ये अ‍ॅपर्चर पुढच्या कड्यानंच फिरतं आणि त्याबरोबर फिल्टरही फिरतो. अशा वेळी अ‍ॅपर्चर आधी, पोलरायझर नंतर.

प्रश्न: लाल फिल्टर लावला की कॅमेऱ्याचा मीटर आपोआप भरपाई करतो ना? मग माझी निगेटिव्ह पातळ का येतात?

करतो, पण मीटरची नजर आणि फिल्मची नजर सारखी नसते. सत्तरीच्या दशकातल्या कितीतरी कॅमेऱ्यांत कॅडमियम सल्फाइडचा सेल आहे आणि तो लाल रंगाला जास्त संवेदनशील असतो. लाल काचेतून त्याला वाटतं बराच प्रकाश आहे, म्हणून तो कमी एक्स्पोजर सांगतो. अर्धा ते एक स्टॉप असा घोटाळा सहज होतो. फिल्टर काढून मीटर वाचा आणि भरपाई स्वतः द्या: पिवळ्याला (वाय४८) एक स्टॉप, नारिंगीला (ओ५६) पावणेदोन ते दोन, लालला (आर६०) तीन. या नावांतला आकडा दहानं गुणला की किती नॅनोमीटरच्या आसपास फिल्टर प्रकाश अडवणं सोडतो ते कळतं. वाय४८ म्हणजे ४८०. सोव्हिएत फिल्टरांवर १.४×, २×, २.८× असे गुणक कोरलेले असतात. ते अनुक्रमे अर्धा, एक आणि दीड स्टॉप.

लाल फिल्टर वाइड लेन्सवर लावताना आणखी एक धरून चला. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश मुळातच जास्त गडद असतं आणि जुन्या लेन्सचे कोपरे मुळातच थोडे अंधारे असतात. लाल काच हे दोन्ही भडक करते. २० मिमीवर नारिंगी फिल्टर बहुतेक वेळा पुरतो, आणि सावल्यांत तपशीलही उरतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल लावण्यात काही हशील नाही. ती फिल्म लाल बघतच नाही.

प्रश्न: १५ मिमी लेन्सची पुढची काच फुगीर आहे, फिल्टरला आटेच नाहीत. मागच्या बाजूला फिल्टर चिकटवता येईल का?

जिलेटिनचा चिकटवता येईल, काचेचा नको. लेन्स आणि फिल्मच्या मध्ये काच आली की प्रतिमा काचेच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश मागे सरकते. १ मिमी काच म्हणजे ०.३३ मिमी. ऐकायला क्षुल्लक, पण १५ मिमी लेन्सच्या हिशेबानं एवढ्या सरकण्यानं अनंत अंतर जाऊन बसतं पट्टीवरच्या ०.७ मीटरच्या खुणेपाशी! एफ/४ ला फिल्म जेमतेम ०.१२ मिमीची चूक पोटात घालते, एफ/११ ला ०.३३ मिमीची. एसएलआरमध्ये (आरशावाटे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात) फिल्टर बसवून व्ह्यूफाइंडरमधून फोकस केलात तर चूक आपोआप भरून निघते, पण वाइड लेन्सचं फोकस आपण बहुधा पट्टी बघूनच लावतो, आणि तिथेच गाडं अडतं.

जिलेटिनचा पापुद्रा सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो. त्याचं सरकणं ०.०३ मिमी, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं. पापुद्रा दोन स्वच्छ कागदांमध्ये धरून कात्रीनं मागच्या कड्याच्या मापाचा कापा, फक्त कडेनं धरा, आणि चिकटपट्टीचे तीन बारके तुकडे धातूच्या कड्यावर येतील असे लावा, काचेवर नव्हे. अ‍ॅपर्चरचा दांडा मोकळा हलतोय ना ते बघा. मग लेन्स माउंटवर चढवून, कॅमेरा रिकामा असताना, सावकाश वेगावर शटर दोन-तीन वेळा सोडा. आरसा वर जाताना पट्टीला घासत असेल तर आवाजात कळतं. पापुद्र्यावर बोटाचा ठसा उमटला तर तो टाकून द्या, पुसायला जाऊ नका: जिलेटिन ओलं झालं की सुरकुततं. मागच्या फिल्टरवरचा धुळीचा कण पुढच्या फिल्टरवरच्या कणापेक्षा कितीतरी स्पष्ट उमटतो, विशेषतः एफ/१६ ला.

याच्या उलट चूकही होते. काही लेन्सना मागचा फिल्टर कारखान्यातूनच येतो आणि तो प्रकाशीय रचनेचा भाग असतो. झेनिटार १६ मिमी फिशआय ओळखीची. रंगीत फिल्टर नको म्हणून जागा रिकामी ठेवली तर लेन्स अनंतापर्यंत पोचतच नाही. तिथे रंगहीन काच बसवलेलीच पाहिजे. जुनी लेन्स विकत घेताना ती काच हरवलेली तर नाही ना, हे आधी विचारा. निक्कोर १६ मिमी एफ/३.५ फिशआय किंवा पेंटॅक्स १५ मिमी एफ/३.५ यांच्या पोटातच फिरती फिल्टरचकती असते. कडं फिरवताना ते खटकन जागेवर बसल्याची खात्री करा, अर्ध्यावर राहिलं तर अर्धी फ्रेम रंगते.

प्रश्न: दहा स्टॉपचा एनडी (नुसता प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर) २१ मिमीवर लावल्यावर कोपरे जास्तच काळवंडतात. कडं तर आडवं येत नाही, तपासलं आहे.

कड्याचा नाही, काचेचा प्रश्न आहे. कोपऱ्याचा किरण ४६ अंशांनी तिरका शिरतो, म्हणून त्याला मधल्या किरणापेक्षा सुमारे १४ टक्के जास्त काच ओलांडावी लागते. फिकट पिवळ्या फिल्टरमध्ये हे कळतही नाही. दहा स्टॉपच्या काचेत १४ टक्के म्हणजे जवळजवळ १.४ स्टॉप. शिवाय तुमची लेन्स बायोगॉन किंवा सुपर अँग्युलॉन धर्तीची, मागची काच फिल्मच्या अगदी जवळ येणारी असेल तर तिचे कोपरे स्वतःच दोन स्टॉपनं अंधारे असतात. दोन्हींची बेरीज तुम्हाला दिसतेय. सहा स्टॉपचा एनडी, मंद फिल्म आणि एफ/१६ असा मेळ घाला. नाहीतर छापताना कोपरे हातानं झाकून सावरा.

प्रश्न: फिल्टर लेन्सवर गच्च बसलाय, निघत नाही.

जितकं आवळून धराल तितका तो निघणार नाही, कारण चिमटीत कडं अंडाकृती होतं आणि आटे आणखी रुततात. रबराची सपाट चटई घ्या, लेन्स उलटी करून फिल्टरचं कडं तिच्यावर सारखं टेका, हलका दाब देऊन लेन्स फिरवा. फुगीर काचेच्या लेन्सला आधी बघा की चटई फक्त कड्याला टेकतेय. नाही जमलं तर कड्याभोवती रुंद रबरबँड गुंडाळून पाची बोटांनी धरा. त्यानंतर फिल्टर काढायचा पाना: दोन पाने, एक लेन्सच्या कड्यावर, एक फिल्टरवर. तेल किंवा गंजनिवारक फवारा बिलकूल नको, तो आट्यांतून झिरपून अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर जातो आणि पाती चिकटतात. निघाल्यावर आट्यांवर मऊ पेन्सिलीचं शिसं घासून ठेवा, पुन्हा रुतणार नाही. कडं ठोकर लागून वाकलेलं असेल तर वाइड लेन्सवर हातोडी चालवू नका; काच कड्यापासून मिमी-दोन मिमीवरच असते. ते काम कड्यासाठी बनवलेल्या शिकंज्यानं, दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या.

प्रश्न: ३५ मिमी एफ/२ टाकुमारची काच चहासारखी पिवळी झाली आहे. मग पिवळा फिल्टर वेगळा कशाला?

त्या लेन्सच्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच आहे आणि ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. कृष्णधवल फिल्मवर फिकट पिवळ्या फिल्टरसारखं काम ती खरंच करते, पण किती करते ते मोजलेलं नसतं, आणि रंगीत फिल्मवर सगळं पिवळट येतं. अतिनील प्रकाशात काही दिवस-आठवडे ठेवली की रंग बराचसा उतरतो. एलईडीचा अतिनील दिवा वापरा, उष्णता देणारा नको. उन्हात ठेवायची झाली तर लक्ष ठेवा: लेन्स आग लावू शकते.

प्रश्न: रात्रीच्या चित्रांत दिव्यांच्या समोरासमोर हिरवट ठिपके येतात. लेन्सच्या रक्षणासाठी यूव्ही कायम लावलेला असतो.

ठिपके त्याच फिल्टरचे आहेत. ओळखायची खूण: फ्रेमच्या मध्यबिंदूतून सरळ रेष काढली तर दिवा एका टोकाला आणि ठिपका दुसऱ्या टोकाला, तितक्याच अंतरावर सापडतो. सपाट काचेची दोन तोंडं, लेप नसेल तर प्रत्येक तोंड सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतं. लेन्सच्या आतून परावर्तित झालेला दिवा या काचेवर आपटून पुन्हा फिल्मवर येतो. बहुलेपित फिल्टरमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली जातं, पण रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर एवढंही दिसतं. वाइड लेन्सच्या फ्रेममध्ये दिवे जास्त येतात, म्हणून ठिपकेही जास्त. रात्री आणि सूर्य समोर असताना यूव्ही काढून खिशात ठेवा. वाळू उडत असेल किंवा समुद्राचे तुषार येत असतील तेव्हा लावा, आणि लावण्यापूर्वी फूटपट्टी लेन्सच्या कड्यावर आडवी ठेवून बघा: खाली कागद सरकत नसेल तर फुगीर काच फिल्टरला टेकणार आणि मधोमध ओरखडा उठणार.